तेराव्या नंबरचा दात

सून: चाक धरा, बाबा. थोडं पुढे. अजून. हां, बास. आता पाचर सरकवा खाली.

सासरे: सरकवली. किल्ली काढलीस ना?

सून: माझ्या खिशात आहे. बॅटरीची वायरही सोडवलीय. तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही.

सासरे: चौथ्यांदाही विचारीन. झाडांचे बुंधे दळणारं मशीन आहे हे. सून आणि सागवान यातला फरक त्याला कळत नाही.

सून: कळतो की. सागवानाने त्याचे दात झिजतात. तारेचा ब्रश द्या. केवढी माती बसलीय! सिस्टरांचं निम्मं अंगण आपण घरी घेऊन आलो.

सासरे: दोन तासांत बुंधा मुळासकट साफ केला त्यांचा. थोडी माती आली तर आली.

सून: हा दात गेला. टोक बघा, पार बोथट. हा त्याच्या समोरचा. दोन्ही एकदम बदलते, म्हणजे चाक डगमगणार नाही.

सासरे: दोन वर्षांपूर्वी पाना कुठल्या बाजूने धरायचा ते मला विचारत होतीस.

सून: आणि तुमचा मुलगा ट्रकवर निघताना म्हणाला होता, ही आठ दिवसांत रडत फोन करेल. रडला कोण? तोच. घाटात क्लच जळला तेव्हा. दहा ठीक आहे. अकरा ठीक. बारा बदलायचा. तेरा…

सासरे: काय झालं?

सून: इथे माती फार घट्ट बसलीय. थांबा जरा. बाबा.

सासरे: हं.

सून: इथे दातच नाही.

सासरे: नीट बघ. चिखलात दडला असेल.

सून: माझं बोट आत जातंय. खोबण रिकामी आहे. एक बोल्ट मधूनच तुटलाय, दुसऱ्याचं नुसतं भोक. सोळा हवेत, पंधरा आहेत.

सासरे: वाटेत पडला असेल. ट्रॉलीवर सगळं खडखडतं.

सून: एवढी माती आत ठेचून भरलीय, बाबा. दात गेल्यावरही चाक मातीत फिरत होतं. वाटेत नाही पडला. सकाळी निघताना मी स्वतः सोळा मोजले होते.

सासरे: मोजण्यात चूक होते माणसाची.

सून: शेवटी शेवटी टण्णकन काहीतरी वाजलं. तुम्ही लगेच मशीन बंद केलंत. काय म्हणालात तेव्हा?

सासरे: दगड लागला म्हणालो.

सून: दगड होता का?

सासरे: आपल्या दोघांच्याही कानांवर झाकणं होती. मला काय माहीत!

सून: मी फाटकाशी होते. तुम्ही कुंपणाला पाठ करून. म्हणजे चाकाचं तोंड घराकडे. दात सुटला तर सरळ तिकडेच जाणार. तिकडे काय होतं?

सासरे: भिंत.

सून: भिंतीत काय होतं?

सासरे: अगं, रबराचा पडदा असतो ना पुढे, तो कशासाठी…

सून: पडदा एका बाजूने फाटलाय. बदलू बदलू म्हणतोय आपण महिनाभर. भिंतीत काय होतं, बाबा?

सासरे: खिडकी.

सून: झोपायच्या खोलीची. सिस्टर सकाळी काय म्हणाल्या, आठवतंय? तुमचं चालू द्या, मी आत जरा आडवी होते, कंबर धरलीय. आणि निघताना मी दोन हाका मारल्या, तर ओ नाही दिली त्यांनी.

सासरे: झोपल्या असतील म्हटलं. म्हणून तर म्हणालो, झोपू दे, चल.

सून: त्या आवाजात कोण झोपतं हो? फोन कुठाय माझा? हा. लागला. वाजतोय.

सासरे: उचलतील.

सून: नाही उचलत. परत लावते.

सासरे: बाहेर गेल्या असतील. दुकानात वगैरे.

सून: हॉस्पिटलातून रिटायर झाल्यापासून त्या बाहेर जात नाहीत. दूधसुद्धा दाराला पिशवी लावून घेतात. वाजून वाजून बंद पडला. परत लावते.

सासरे: तू आधी खाली बस. घाम फुटलाय तुला.

सून: बाबा, केवढासा असतो तो दात, पण पोलादाचा. एवढ्या वेगाने कोणाच्या डोक्यात गेला तर? माणूस हाकही मारणार नाही. ओ नाही दिली त्यांनी, बाबा. दोनदा हाक मारली मी.

सासरे: बोलू नकोस तसं.

सून: चौथ्यांदा लावतेय. ही सगळी बाजू मी बसवली होती, गेल्या आठवड्यात. तेरावासुद्धा. तुम्ही आज सकाळी सगळ्यांवर पाना फिरवलात ना?

सासरे: फिरवला.

सून: मी पेट्रोल आणायला गेले तेव्हा?

सासरे: हो म्हटलं ना.

सून: मग बसवतानाच माझं काहीतरी चुकलं. बोल्ट तिरका गेला असेल. आत कचरा राहिला असेल. मला वाटलं होतं मी नीट पुसलंय. म्हणजे माझ्या हाताने…

सासरे: हं.

सून: काय हं?

सासरे: काही नाही. ऐक. डब्यात नवे दात आहेत. एक काढ आणि बसव तिथे. सोळाच्या सोळा भरले की कोण मोजायला येतंय?

सून: काय म्हणालात?

सासरे: ज्याला दात सापडेल त्याला सापडेल. आपल्याच मशीनचा कशावरून?

सून: एक बाई तिथे पडली असेल, बाबा. जिवंत असेल तर रक्त वाहत असेल. आणि तुम्ही मला दात बसव म्हणताय?

सासरे: तोंडातून गेलं.

सून: माझ्याकडे बघून बोला.

सासरे: गेलं तोंडातून. भीती वाटली गं. तुला धरून नेतील, तुझा नवरा मशीन भंगारात घालेल, सगळं एकदम आलं डोक्यात. चल. गाडी काढ. मला नाही चालवायची.

(सिस्टरांचं घर वीस मिनिटांवर. सुनेने ते बारा मिनिटांत गाठलं, आणि वाटेत सात वेळा फोन लावला. पुढचं दार आतून बंद होतं. अंगणात बुंध्याच्या जागी भुशाचा ढीग, आणि समोरच्या खिडकीच्या काचेला, सकाळी उडत्या भुशात न दिसलेलं, मुठीएवढं भोक.)

सून: सिस्टर! सिस्टर, मी आहे, मशीनवाली!

सासरे: काचेला हात लावू नकोस. कापेल.

सून: पडदा बाजूला करते फक्त. पलंग रिकामा आहे. उशीवर काचाच काचा. डोक्याकडे लाकडी कपाट आहे, त्याच्या दारात भोक. फळी उभी चिरलीय.

सासरे: उशीपासून किती?

सून: वीतभर.

सासरे: अरे देवा.

सून: फरशीवर रक्त आहे.

सासरे: किती? किती आहे?

सून: थेंब नाहीत. पावलं आहेत. अनवाणी माणूस काचांवरून चालत गेल्यासारखी. पलंगापासून बाथरूमपर्यंत. बाथरूमचं दार बंद आहे. मागे चला, बाबा, मागच्या भिंतीला त्याचा झरोका असेल. लवकर!

सासरे: हा काय. उंच आहे. बादली पालथी घाल, चढ. सांभाळून.

सून: सिस्टर! आत आहात का? सिस्टर, काहीतरी बोला!

सिस्टर: ओरडू नकोस. त्याला ऐकू जाईल.

सून: जिवंत आहेत! बाबा, बोलतायत त्या! सिस्टर, लागलंय का तुम्हाला? कुठे लागलंय?

सिस्टर: तुझ्यामागे कोण उभं आहे?

सून: माझे सासरे.

सिस्टर: आणखी कोण?

सून: आणखी कोणी नाही.

सिस्टर: तुला असं म्हणायला लावलंय त्याने. तुझ्यावर बंदूक रोखली असेल तर एकदा खोक.

सून: बंदूक कुठली, सिस्टर!

सिस्टर: माझ्यावर गोळी झाडली. केसांना वारा लागला माझ्या. काच फुटली आणि तुमचं मशीन एकदम बंद पडलं. म्हटलं, आधी त्या दोघांना संपवलं, आता माझी पाळी. कशी आत आले माझं मला माहीत. मग कोणीतरी तुझ्या आवाजात हाका मारल्या.

सून: मीच मारल्या! निघतो सांगायला.

सिस्टर: मग सगळं शांत. मग फोन सुरू झाला. पलंगावर राहिलाय तो. वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. मी उचलते का ते बघत होता. जिवंत आहे का बघत होता. अकरा वेळा.

सून: तेही मीच हो. चार घरून आणि सात गाडीतून. तुम्ही उचलत नव्हता म्हणून जीव जात होता माझा.

सिस्टर: मला ते पटवून सांगू नकोस. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत दार फोडून घरात शिरले. झाड कशासाठी तोडलं मी? त्यावरून कोणी खिडकीशी येऊ नये म्हणून. बुंधा कशासाठी काढायला लावला? त्यावर उभं राहून कोणी आत डोकावू नये म्हणून. आणि आता तू सांगतेस बाहेर कोणी नाही.

सून: गोळी नव्हती ती. आमच्या मशीनच्या चाकाचा दात होता. सुटून आला. कपाटात रुतलाय, बाहेर येऊन बघा. पोलादाचा, अंगठ्याएवढा.

सिस्टर: चाकाला बसवलेला दात असा सुटून कसा येईल?

सून: बोल्ट सैल राहिला. माझी चूक झाली, सिस्टर. हवं ते बोला मला, पण दार उघडा. रक्त जातंय तुमचं.

सिस्टर: रक्ताचं मला शिकवू नकोस. पस्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. पायाला टॉवेल बांधलाय. तू बसवलास तो दात?

सून: हो.

सिस्टर: कसा बसवलास? सांग. खरं असेल तर सांगता येईल.

सून: खोबण ब्रशने साफ केली. फडक्याने पुसली. दात सरळ बसवला. दोन्ही बोल्ट नवे घेतले, आधी हाताने फिरवले, मग पान्याने आवळले. आमचा एक खास पाना आहे, बोल्ट हवा तेवढा घट्ट झाला की हातात टक्क करतो. दोन्हींना टक्क झालं. मग पुढचा घेतला.

सिस्टर: झालं?

सून: झालं.

सिस्टर: म्हणजे तू नीट बसवलास. मग सैल कसा राहिला? बघ. कोणीतरी पढवून पाठवलंय तुला. दार नाही उघडणार मी. जा.

सून: सिस्टर, तसं नाही हो. मला खरंच माहीत नाही कसा…

सासरे: उतर खाली.

सून: बाबा, आता नको. मी समजावते त्यांना.

सासरे: उतर म्हटलं ना. मला चढू दे त्या बादलीवर. हात दे. डावा नको, उजवा दे. सिस्टर, मी बोलतोय. म्हातारा.

सिस्टर: हं.

सासरे: तिने बसवलेला दात सुटलेला नाही. मी सोडवला होता तो.

सून: काय?

सासरे: तू गप्प. सिस्टर, आज सकाळी ही पेट्रोल आणायला गेली. मी म्हटलं, तेराव्याची एक कड झिजलीय, काढून फिरवून बसवू, दुसरी कड अजून नवी आहे. काढला. एक बोल्ट बोटांतून निसटला आणि गवतात पडला. शोधायला लागलो. हात फिरवतोय, फिरवतोय, गवत कुठलं आणि लोखंड कुठलं काही कळेना. बोटं बधिर झालीत माझी. ही यायची वेळ झाली. मग डब्यातला जुना बोल्ट घेतला. त्याचे आटे गेलेत की आहेत तेही बोटांना लागलं नाही.

सिस्टर: आणि तो टक्क करणारा पाना?

सासरे: फिरवला. पण तो टक्क हाताला कळावा लागतो. मला कधीचं काही कळत नाही. अंदाजाने थांबलो.

सून: मला म्हणालात, सगळं तपासलं.

सासरे: म्हणालो.

सून: आणि शेडमध्ये मी स्वतःला दोष देत होते. माझ्या हाताने झालं म्हणत होते. तुम्ही समोर बसून नुसतं हं म्हणालात?

सासरे: म्हणालो. तुला काय वाटेल यापेक्षा, तू पाना काढून घेशील ही भीती मोठी झाली. एवढा नालायक आहे मी. सिस्टर, पढवलेला माणूस असं स्वतःवर घेत नाही. तुमच्या डोक्यात गेला असता तो दात. वीतभरच राहिलं होतं.

सिस्टर: कुठली बोटं?

सासरे: अं?

सिस्टर: बधिर म्हणता ती. सगळी का ठरावीक?

सासरे: डाव्या हाताची सगळी. उजव्याची दोन.

सिस्टर: कधीपासून?

सासरे: वर्ष झालं असेल. आधी मुंग्या यायच्या. मशीनचा कंप हातात राहतो, दोन दिवसांनी जातो. हा गेलाच नाही.

सिस्टर: गरम कळतं?

सासरे: परवा पातेलं उचललं. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळलं.

सून: म्हणजे ते फोड? मला सांगितलंत सायलेन्सरला हात लागला म्हणून!

सिस्टर: पायांना काही? चप्पल निसटली तर कळते का?

सासरे: कधी कळते. कधी चार पावलं पुढे गेल्यावर बघतो, तर एकच पाय चपलेत.

सिस्टर: साखर तपासलीय?

सासरे: नाही.

सिस्टर: कधीच?

सासरे: नाही. तपासली की सापडते.

सिस्टर: मूर्ख माणूस. थांबा तिथेच. पुढच्या दाराशी या. तीन कड्या आहेत, वेळ लागेल मला.

सून: हळू या, सिस्टर. काचा बघून. भिंत धरून.

सिस्टर: आधी सांग, खरंच कोणी नाही ना बाहेर?

सून: कोणी नाही. आम्ही दोघंच आहोत. आमचीच भीती वाटायला हवी तुम्हाला.

सिस्टर: वाटतेच आहे. आले.

सून: पडवीत बसा इथे. किती पांढऱ्या पडलात! पाय बघू. टॉवेल पार भिजलाय. गाडीत घालते तुम्हाला, सरळ दवाखाना.

सिस्टर: जाऊ. टाके पडतील दोन-तीन, मरत नाही मी. आधी टॉवेल बदल, दोरीवरचा तो दुसरा घे आणि घट्ट बांध. आणखी घट्ट. हात नीट चालतो तुझा. आता ह्यांना इकडे बसव.

सासरे: माझं नंतर बघू, सिस्टर. आधी तुम्ही…

सिस्टर: बसा. तीन तास त्या बाथरूममध्ये मी मरणाची वाट बघितली तुमच्यामुळे. माझं ऐकायचं आता. डावा हात. मुली, माझ्या केसांतली ती पिन काढ. दे. आणि तू धर ह्यांचा हात, हलू देऊ नकोस.

सून: धरला.

सिस्टर: डोळे मिटा. मी टोचलं की सांगायचं. लबाडी नाही.

सासरे: मिटले. टोचा.

सून: बाबा…

सिस्टर: तू बोलू नकोस. पुढचं बोट.

सासरे: सुरू करा की. कशाची वाट बघताय?

सिस्टर: पुढचं.

सासरे: सिस्टर?

सिस्टर: वर घे हात थोडा. हे?

सासरे: नाही.

सिस्टर: हे?

सासरे: हां. हे कळलं! बघ, म्हटलं नव्हतं, अगदीच गेलेली नाहीत. अंगठा ना हा?

सून: मनगट आहे, बाबा.